मुक्या संहितेचे बोलके रूपांतर : 'रॉकमॅन' ते 'द प्रोटोमेन'

रूपांतराचा तौलनिक अभ्यास करताना मूळ संहिता शब्दांनी भरलेली असते, हे बहुधा गृहीत धरलेले असते. कादंबरीचे नाटक होते, नाटकाचा चित्रपट होतो, आख्यानकाव्याची कादंबरी होते. आणि प्रत्येक वेळी काय गाळले, काय राखले, कशावर भर दिला याचा हिशोब अभ्यासकाला मांडता येतो. मूळ संहितेत शब्द जवळजवळ नसतीलच, तर हा हिशोब कसा मांडायचा? जपानी व्हिडिओ गेमवरून अमेरिकेतील एका रॉकसमूहाने रचलेली दोन संगीतनाट्ये हा प्रश्न टोकदारपणे उभा करतात. समूहाचे नाव 'द प्रोटोमेन'; गाव टेनेसी राज्यातील नॅशव्हिल; मूळ आधार 'कॅपकॉम' या जपानी कंपनीचा 'रॉकमॅन' हा खेळ. लोकप्रिय करमणुकीच्या दोन माध्यमांमधील ही देवघेव म्हणून तिच्याकडे पाहिले, तर ती लवकर संपते. संहितेचे मौन आणि ते मौन भरून काढणारी परंपरा यांचा संबंध म्हणून पाहिले, तर मात्र तिच्यात पुष्कळ काही सापडते.

'रॉकमॅन' हा खेळ डिसेंबर १९८७ मध्ये 'फॅमिकॉम' या घरगुती यंत्रासाठी जपानात प्रसिद्ध झाला. निळ्या चिलखतातला एक लहानसा यंत्रबालक पडद्याच्या डाव्या कडेकडून उजवीकडे धावतो, उड्या मारतो, हाताच्या तोफेतून गोळ्या झाडतो. डॉ. वायली या दुष्ट शास्त्रज्ञाच्या ताब्यात गेलेल्या सहा यंत्रमानवांचा तो एकेक करून पाडाव करतो, आणि प्रत्येक विजयानंतर पराभूताचे शस्त्र त्याच्याकडे येते. खेळताना संवाद नाहीत, निवेदन नाही. मानामी मात्सुमाए या संगीतकर्तीने रचलेल्या धुना मात्र सतत वाजत राहतात. त्या यंत्राच्या ध्वनिचकतीत पाचच वाहिन्या होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांची. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून उभे राहिलेले हे संगीत खेळाची एकमेव 'भाषा' होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. कथा होती ती खेळासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत, काही परिच्छेदांची: सज्जन शास्त्रज्ञ, त्याचा फितूर सहकारी, आणि घरकामासाठी बनवलेला पण न्यायबुद्धीने स्वतःहून लढाऊ यंत्र व्हायला तयार झालेला एक 'मुलगा'. म्हणजे कथा संहितेच्या आत नव्हतीच. ती संहितेच्या उंबरठ्यावर होती. जेरार जनेत यांनी १९८७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुखपृष्ठ, प्रस्तावना, मलपृष्ठ अशा उपांगांना 'उंबरठे' म्हटले होते. योगायोगाने त्याच वर्षी आलेल्या या खेळाची सगळी कथा उंबरठ्यावरच बसलेली आहे.

खेळ अमेरिकेत गेला तेव्हा पहिला आघात नावांवर झाला. जपानी नायकाचे नाव 'रॉक', त्याच्या बहिणीचे 'रोल'. दोघे मिळून 'रॉक अँड रोल'. पुढे तिसऱ्या भागात (१९९०) त्याचा रहस्यमय थोरला भाऊ अवतरला, त्याचे नाव 'ब्लूज'. या नामकरणात एक मिस्कील वंशावळ आहे: संगीताच्या इतिहासात ब्लूज हा रॉकचा थोरला भाऊच. शत्रुपक्षाकडून नंतर आलेल्या प्रतिस्पर्ध्याचे नाव 'फोर्टे', त्याच्या कुत्र्याचे 'गॉस्पेल'. जपानी कर्त्यांनी अमेरिकी आणि पाश्चात्त्य संगीताची परिभाषा उसनी घेऊन एक कुटुंब रचले होते. ते कुटुंब अमेरिकेत पोहोचले तेव्हा अमेरिकी कंपनीने ही परिभाषा पुसून टाकली. 'रॉकमॅन'चा 'मेगामॅन' झाला आणि 'ब्लूज'चा 'प्रोटोमॅन', म्हणजे 'आद्य-मानव', पहिला नमुना. पहिल्या खेळाच्या अमेरिकी वेष्टनावर तर यंत्रबालकाच्या जागी हातात पिस्तूल घेतलेला एक प्रौढ माणूस चितारला होता. भाषांतरातील हानीचे याहून ठसठशीत उदाहरण शोधायला कष्ट पडतील.

पण हानीचा हिशोब इथेच मिटत नाही. 'ब्लूज' हे नाव गेले आणि 'प्रोटो' हे विशेषण आले, तेव्हा थोरल्या भावाच्या व्यक्तिरेखेत एक नवी शक्यता रुजली. 'ब्लूज' फक्त थोरला होता. 'प्रोटोमॅन' हा पहिला प्रयत्न ठरला, ज्याच्यानंतर दुसरा करावा लागला असा. पहिल्यानंतर दुसरा का करावा लागला, या प्रश्नात एक शोकांतिका दडलेली आहे. ती शोकांतिका या रॉकसमूहाने उलगडली. शास्त्रज्ञाच्या नावाचेही तसेच. जपानी लिपीत 'राइतो' असे लिहिलेल्या नावाचे इंग्रजीत 'राइट' आणि 'लाइट' असे दोन्ही उच्चार संभवतात. पहिल्या खेळाच्या अमेरिकी पुस्तिकेत तो 'राइट' होता, म्हणजे घडवणारा, कारागीर. पुढे 'लाइट' हे रूप रूढ झाले. समूहाने 'लाइट' स्वीकारले आणि प्रकाश-अंधाराची सारी प्रतिमासृष्टी त्याच्याभोवती उभारली. जपानीतील दोन भिन्न ध्वनींच्या अभेदातून जन्मलेली ही प्रतिमासृष्टी आहे. तिचे मूळ कोणा एका कर्त्याच्या प्रतिभेत नाही. दोन भाषांच्या वर्णव्यवस्थांमधील फटीत ते आहे.

व्हिडिओ गेमच्या संगीताशी नाते सांगणारे रॉकसमूह अनेक आहेत आणि त्यांचे मार्ग वेगळे आहेत. 'फायनल फँटसी' या खेळमालिकेचे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी 'द ब्लॅक मेजेस' हा समूह उभारून २००३ मध्ये स्वतःच्याच धुनांचे रॉक रूप प्रसिद्ध केले. तिथे कर्ता आणि भाष्यकार एकच आहे. अमेरिकेतील 'मिनिबॉसेस' यांनी जुन्या खेळांच्या धुना गिटार-ड्रमवर नेटकेपणाने वाजवल्या. यांत निष्ठा आहे, कौशल्यही आहे. परंतु तो मुख्यतः वाद्यांतराचा व्यवहार आहे. 'द प्रोटोमेन' यांनी २००५ च्या पहिल्या अल्बममध्ये खेळातील धुना जशाच्या तशा वाजवण्याचा मार्ग बाजूला ठेवला आणि ज्या ठिकाणी खेळ गप्प होता तिथे ते बोलू लागले. समूहातील कलावंत टोपणनावांनी वावरतात, मुखवटे आणि रंगवलेले चेहरे घेऊन रंगमंचावर येतात. व्यक्ती मागे सारून पात्र पुढे आणण्याची ही रीत त्यांच्या रचनेशी सुसंगत आहे.

पहिल्या अंकाची कथा थोडक्यात अशी. शहर डॉ. वायलीच्या यंत्रसत्तेखाली दबले आहे. डॉ. लाइट एक यंत्रमानव घडवतात, प्रोटोमॅन. तो एकटा वायलीच्या सेनेशी झुंजतो. भोवती गर्दी उभी आहे. ती बघते, पण एकही पाऊल पुढे टाकत नाही. प्रोटोमॅन पडतो. शोकमग्न लाइट दुसरा मुलगा घडवतात, मेगामॅन. मात्र या वेळी लढण्यासाठी नव्हे. थोरल्या भावाची हकिकत कळल्यावर धाकटा पित्याचे न ऐकता निघतो आणि शत्रूच्या सेनेपाशी पोहोचतो, तर सेनेच्या अग्रभागी त्याचा तोच भाऊ उभा असतो. तो मेलेला नाही. ज्यांच्यासाठी लढलो ते वाचवण्याच्या लायकीचे नाहीत, अशा निष्कर्षाला येऊन तो पलीकडे गेला आहे. दोघांमध्ये वाद होतो, मग युद्ध. गर्दी आता आवाज उठवते, पण तो थोरल्याच्या मृत्यूची मागणी करण्यासाठी. मेगामॅन भावाला मारतो, गर्दीकडे पाहतो आणि तिला तिच्या नशिबावर सोडून निघून जातो.

हे सारे आठ रचनांमध्ये घडते. रॉक ऑपेरा हा प्रकार 'द हू' या ब्रिटिश समूहाच्या 'टॉमी' (१९६९) पासून परिचित आहे आणि त्याची जन्मजात अडचणही तितकीच परिचित आहे: गाणे भावना सांगते, घटना सांगण्यात ते कमी पडते. मराठी वाचकाला ही अडचण चटकन उमगेल. संगीत नाटकांच्या काळात नाट्यगृहाबाहेर नाटकातील पदांची छोटी पुस्तके विकली जात. नाटक न पाहता केवळ ती पदे वाचणाऱ्याच्या हाती जे लागे, ते ऐकणाऱ्याच्या हाती रॉक ऑपेरात लागते: भाव हाती येतो, गद्य निसटते. 'द प्रोटोमेन' यांनी हे गद्य अल्बमसोबतच्या पुस्तिकेत छापले. गीतांच्या ओळींमध्ये रंगसूचना, पात्रांच्या हालचाली, निवेदकाचे परिच्छेद येतात. कोण कुठे उभा आहे, कोणाच्या हातात काय आहे, गर्दी मागे सरली की पुढे, हे तिथे वाचल्यावाचून पुरते कळत नाही. खेळाची कथा जशी माहितीपुस्तिकेत होती, तशीच अल्बमची कथाही पुस्तिकेत गेली. उंबरठ्यावरची कथा घरात घेतली गेली, पण तिचा एक पाय उंबरठ्यावरच राहिला. खेळाच्या पिढीची वाचनाची सवय हे याचे कारण असू शकेल: यंत्र सुरू करण्याआधी पुस्तिका उलगडून वाचणारी ही मुले मोठी झाल्यावर ऐकण्याआधी वाचायला लावणारी कलाकृती निर्माण करतात, हे स्वाभाविक आहे.

रूपांतरकर्त्याने मौन भरून काढले म्हणजे त्याने मनाला येईल ते भरले, असे होत नाही. हा या रचनेच्या अभ्यासातून हाती येणारा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. 'रॉकमॅन'च्या मागे ओसामू तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमु' या चित्रकथेची छाया स्पष्ट दिसते. इंग्रजीभाषक जगात 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून ओळखली जाणारी ही चित्रकथा १९५२ मध्ये सुरू झाली आणि १ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर ॲनिमेरूपात अवतरली. तिच्या मुळाशी एक मृत्यू आहे. डॉ. तेन्मा यांचा मुलगा तोबिओ वाहनाच्या अपघातात मरतो. पिता त्याच्या रूपाचा यंत्रबालक बनवतो. पण हा मुलगा वाढत नाही हे लक्षात आल्यावर त्याला सर्कशीत विकून टाकतो. नंतर दयाळू डॉ. ओचानोमिझु त्याला आसरा देतात. तेझुकांच्या कथेत पितृत्व असे दोन व्यक्तींमध्ये विभागलेले आहे: एकाकडे शोक आणि क्रौर्य, दुसऱ्याकडे वात्सल्य. 'रॉकमॅन'च्या कर्त्यांनी यांतील वात्सल्य तेवढे उचलले. खेळातले डॉ. लाइट हे ओचानोमिझुंच्या वळणाचे प्रसन्न आजोबा आहेत. तेन्मा यांचा शोक गाळला गेला आहे. मुलांच्या खेळात मेलेल्या मुलाला जागा नव्हती, हे समजण्यासारखे आहे.

नॅशव्हिलच्या समूहाने डॉ. लाइटना पुन्हा शोकमग्न पिता केले. त्यांच्या पहिल्या अल्बममधील दुसऱ्या रचनेचे शीर्षकच पुत्राच्या अंत्यविधीचे आहे. गेलेल्या मुलाच्या जागी दुसरा घडवणारा पिता, आणि त्या दुसऱ्याला पहिल्याच्या सावलीतून बाहेर पडू न देणारी पित्याची माया: ही रचना तेन्मांची आहे. खेळात जे गाळले गेले होते, तेच रूपांतरात परत आले. या परतण्यासाठी समूहाने तेझुकांचे पान समोर ठेवलेच पाहिजे, असे नाही. यंत्रबालक, निर्माता-पिता, थोरला-धाकटा हे घटक एकदा एकत्र आले की त्यांच्यामधील रिकामी जागा विशिष्ट आकाराची होते आणि तिथे बसेल असा आशयही मर्यादित उरतो. प्रभाव-अभ्यासाने दुवा शोधायचा आणि तो सापडला नाही तर विषय सोडून द्यायचा, ही पद्धत इथे अपुरी पडते. झिरमुन्स्की यांनी जिला प्ररूपात्मक साम्य म्हटले आहे, तिच्याही थोडे पुढे जाऊन असे म्हणता येईल की रिकाम्या जागेलाही परंपरा असते.

मध्यस्थ दुवे अर्थातच आहेत. १९७३ च्या 'कॅशर्न' या ॲनिमेत पित्याने घडवलेली यंत्रे बंड करतात आणि त्यांच्याशी लढण्यासाठी पुत्र स्वतःचे मानवी शरीर सोडून यंत्रमानव होतो. 'रॉकमॅन'च्या मूळ कल्पनेशी, विशेषतः नायकाच्या स्वेच्छेने झालेल्या रूपांतराशी, याचे नाते जवळचे आहे. दुसरा दुवा अमेरिकी आहे. १९९४ मध्ये रूबी-स्पिअर्स या निर्मितीसंस्थेने 'मेगामॅन'ची दूरचित्रवाणी मालिका काढली, तिचे चलच्चित्रण जपानातील आशी प्रॉडक्शन्सकडे होते. जपानी खेळांमध्ये 'ब्लूज' हा गळ्यात रुमाल बांधलेला, शीळ घालत येणारा, धाकट्याची परीक्षा घेऊन मदत करून जाणारा भटका आहे. अमेरिकी मालिकेत तो वायलीच्या बाजूचा खलनायक-भाऊ झाला. म्हणजे शत्रुपक्षाकडे गेलेला थोरला भाऊ ही समूहाची स्वतंत्र कल्पना नाही. तिला कारण देणे मात्र सर्वस्वी त्याचे आहे. मालिकेत भाऊ वाईट आहे म्हणून पलीकडे आहे; अल्बममध्ये माणसे वाईट निघाली म्हणून तो पलीकडे गेला आहे.

भारतीय वाचकाच्या मनात इथे कर्णाचे नाव आल्यावाचून राहणार नाही. शत्रुसेनेच्या अग्रभागी उभा असलेला थोरला भाऊ, धाकट्याच्या हातून त्याचा वध, आणि विजयाची चव कडू करून टाकणारे नाते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण आपापल्या मुखाने बोलतात. अल्बममध्येही प्रत्येक रचनेत बोलणारा बदलतो आणि घटना आत्मनिवेदनांच्या बेरजेतून उभी राहते. हे साम्य लक्षणीय असले तरी त्यावर फार भार देऊ नये. अर्जुनाला वध करताना नाते ठाऊक नसते. मेगामॅनला ते ठाऊक असते. महाभारतातील शोकांतिका अज्ञानाची आहे. इथली शोकांतिका ज्ञान असूनही उरणाऱ्या हतबलतेची आहे, आणि म्हणूनच तिचा रोख भावांपासून सरकून तिसऱ्या पक्षाकडे, गर्दीकडे, जातो.

गर्दी हेच या रचनेचे खरे पात्र आहे. खेळात गर्दी नाही. शहर आहे असे पुस्तिका सांगते, पण पडद्यावर एकही सामान्य माणूस दिसत नाही. ज्यांना वाचवायचे त्यांच्याविना वाचवण्याचा खेळ चालतो. समूहाने ही अनुपस्थित माणसे कल्पिली आणि त्यांना वृंदगायनाचा आवाज दिला. ग्रीक नाटकातील कोरस भाष्य करतो, सल्ला देतो, शोक करतो, पण कृतीपासून अलिप्त राहतो. 'द प्रोटोमेन'च्या कोरसची अलिप्तता हाच त्याचा गुन्हा आहे. गाणारा समुदाय दोषी असणे ही कल्पना आधुनिक मराठी रंगभूमीला परकी नाही. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) मधील ब्राह्मणांची मानवी भिंत देवाचे नाव घेत गाते, नाचते, आडोसा होते, आणि शेवटी तीच भिंत घाशीरामाच्या रक्तासाठी ओरडणारा जमाव होते. ज्याने हे सारे घडवले तो नाना सुरक्षित राहतो. पहिल्या अंकाच्या शेवटी तसेच घडते. बळीचा बकरा मारला जातो, वायली अबाधित राहतो, आणि जमावाला आपण न्याय केला असे वाटते. दोन्हीकडे गोडवा आणि भीषणता एकाच सुरावटीत मिसळलेली आहेत. पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रणही मुद्दाम खडबडीत, फाटलेल्या आवाजाचे आहे. जणू बिघडलेल्या ध्वनिक्षेपकावरून हे शहर ऐकू येते.

प्रत्यक्ष रंगमंचावर या योजनेचा आणखी एक पदर उलगडतो. मैफलीत श्रोते सोबत गातात, तो रॉकचा रिवाजच आहे. पण या रचनांमध्ये श्रोत्यांना सोबत गाण्याजोग्या ओळी पुष्कळदा गर्दीच्या वाट्याच्या आहेत. हात उंचावून, आनंदाने, हजर असलेला समुदाय त्या भ्याड समुदायाची भूमिका गातो. तेंडुलकरांच्या प्रेक्षकाला भिंतीत उभे राहावे लागत नाही. इथल्या श्रोत्याला उभे केले जाते आणि त्याला ते आवडते. खेळात बटण दाबणारा खेळाडू नायक असतो. मैफलीत तोच माणूस गर्दीत जाऊन उभा राहतो. खेळ आणि रूपांतर यांमधील सर्वांत मोठे अंतर कथेत नाही, ग्राहकाच्या या स्थानांतरात आहे.

जपानी समीक्षेतील एका वादाच्या संदर्भात हे स्थानांतर तपासण्यासारखे आहे. एइजी ओत्सुका यांनी १९८९ मध्ये असे मांडले की ग्राहक सुट्या वस्तू विकत घेतो, तेव्हा त्यांच्यामागच्या मोठ्या कथनाचा तुकडा विकत घेत असतो. हिरोकी अझुमा यांनी २००१ मध्ये पुढचे पाऊल टाकले: नव्या पिढीला मागच्या कथनाची गरजच उरलेली नाही, ती पात्रांचे सुटे घटक, म्हणजे केसांची ठेवण, पोशाख, लकबी, एखाद्या संग्रहातून उचलावेत तशा उचलते आणि हव्या तशा जुळवते. 'द प्रोटोमेन' यांनी उचललेली सामग्री अझुमांच्या वर्णनाशी तंतोतंत जुळते: शिरस्त्राण, रुमाल, तोफेचा हात, चार-दोन नावे. पण त्या सामग्रीचे त्यांनी जे केले ते अझुमांच्या भाकितापेक्षा निराळे आहे. सुट्या घटकांमधून त्यांनी पुन्हा एक मोठे कथन उभारण्याचा अट्टहास केला, तोही स्वातंत्र्य, लोकसमूहाची जबाबदारी, निर्मात्याचा अपराध असे जुने, जड प्रश्न घेऊन. अझुमांचे निरीक्षण जपानी शहरी तरुणाईपुरते खरे आणि अमेरिकी दक्षिणेत खोटे, असे त्यातून सिद्ध होत नाही. सामग्री कशी वाटली जाते हे पाहून तिच्यापासून काय घडेल हे ठरवता येत नाही, एवढे मात्र दिसते.

दुसरा अंक, 'द फादर ऑफ डेथ', सप्टेंबर २००९ मध्ये आला. निर्मितीची धुरा ॲलन शॅकलॉक या अनुभवी ब्रिटिश संगीतकाराकडे होती आणि ध्वनीचा पोत पूर्णपणे पालटला. कथा मागे जाते. तरुण थॉमस लाइट आणि अल्बर्ट वायली मिळून कष्टांतून माणसाची सुटका करणारी यंत्रे घडवतात. लाइटचे वडील खाणीत काम करताना गेलेले. पुढच्या पिढ्यांनी जमिनीखाली मरू नये, ही त्याची प्रेरणा. वायलीला यंत्रांत सत्ता दिसते. लाइटची प्रेयसी एमिली ही वायलीच्या हुकमावरून यंत्राच्या हातून मारली जाते, आळ लाइटवर येतो, खटला चालतो. न्यायालय त्याला सोडते, पण गर्दी दोरखंड मागते आणि त्याला शहर सोडावे लागते. अनेक वर्षांनी जो नावाचा एक तरुण शहराच्या गुंगीतून बाहेर पडतो, लाइटला गाठतो, दोघे वायलीच्या मनोऱ्यावर घाव घालतात. जो मरतो, आणि तोच स्फोट वायलीला आपली यंत्रसेना रस्त्यावर उतरवायला निमित्त देतो.

या अंकात नॅशव्हिल ऐकू येते. पूर्वार्धात गिटारचे, तुतारीचे आणि मोकळ्या माळरानाचे सूर आहेत, एन्निओ मोरिकोने यांच्या वेस्टर्नपटांच्या संगीताची आठवण देणारे. उत्तरार्धात १९८० च्या दशकातील भरजरी, मोटारसायकलवर स्वार झालेले रॉक आहे. 'ब्लूज' या जपानी पात्राचा रुमाल आणि शीळ ही मुळात वेस्टर्नपटातल्या भटक्या नायकाचीच लेणी होती. अमेरिकी चित्रपटातून जपानी खेळात गेलेली ही लेणी टेनेसीत परत आली, तेव्हा कोणी ती परकी म्हणून ओळखली नाही.

आशयाच्या दृष्टीनेही दुसरा अंक एका जुन्या थरापर्यंत पोहोचतो. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या चेक नाटकाने जगाला दिला आणि त्याचा धातू वेठबिगारीशी निगडित आहे. हे नाटक १९२० च्या दशकातच जपानी भाषेत आणि रंगमंचावर पोहोचले. 'जिन्झो निंगेन', कृत्रिम मानव, ही संज्ञा त्यासाठी वापरली गेली. तेझुकांनी यंत्रमानवाला मूल केले आणि श्रमाचा प्रश्न पुष्कळसा भेदभावाच्या प्रश्नात मिसळला. खेळाने मुलाला सैनिक केले आणि तोही प्रश्न सोडून दिला. लाइटच्या वडिलांच्या खाणीमुळे चापेक यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो: यंत्राने कष्ट घेतले तर माणसाचे काय उरते? अल्बमचे उत्तर निराशाजनक आहे. कष्टांतून सुटलेला माणूस स्वतंत्र होत नाही, तो प्रेक्षक होतो. पहिल्या अंकातील निश्चल गर्दीची पूर्वपीठिका अशी मांडली जाते.

संगीत म्हणून दुसरा अंक अधिक संपन्न आहे. नाट्य म्हणून तो पहिल्याहून कमी प्रतीचा आहे. पहिल्या अंकात गर्दी का हलत नाही, याला उत्तर नव्हते आणि त्यामुळे प्रत्येक श्रोत्याला ते स्वतःत शोधावे लागत होते. दुसऱ्या अंकाने उत्तर पुरवले: तिला सुस्त केले गेले, फसवले गेले, एका धूर्त माणसाने तिची मती फिरवली. वायलीच्या कपटाला जितके तपशील मिळतात, तितका गर्दीचा अपराध हलका होतो. मौन भरण्याची सवय लागलेल्या समूहाने इथे स्वतःच्याच रचनेतले मौन भरून टाकले, आणि ते मौन मोलाचे होते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. एमिली ही दोन्ही अंकांतील एकमेव ठळक स्त्री. तिला आवाज आहे, तो समूहातील स्त्रीस्वराने समर्थपणे पेललाही आहे, पण कथेत तिचे काम मरण्याचे आहे. तिच्या मृत्यूने लाइटला अपराधभाव मिळतो, वायलीला संधी मिळते, गर्दीला निमित्त मिळते. तिला स्वतःला काही मिळत नाही. तेझुकांच्या कथेत आतोमुला उरान ही बहीण आहे आणि 'रॉकमॅन'मध्ये रोल आहे. ती लाइटच्या घरातच राहते, रॉकसोबतच घडवलेली. पिता, मेलेला पुत्र, जिवंत पुत्र अशा घरात एका मुलीचा आवाज असता, तर शोकाला तिसरा कोन मिळाला असता आणि गर्दीचा निवाडा केवळ भावाभावांच्या हाती राहिला नसता. या दोन अंकांत रोलचा उल्लेख नाही. जपानी कर्त्यांनी ज्या संगीतप्रकाराच्या नावाचे दोन तुकडे करून भावंडांत वाटले होते, तोच संगीतप्रकार वाजवणाऱ्या समूहाने त्यांपैकी रॉक तेवढा घेतला.